बधिर पायांची शिकवणी

तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि दुसऱ्याच क्षणी कपाळ बेसिनच्या कडेवर आपटले, तेव्हा मला चक्कर आली असावी असेच वाटले. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, दोन्ही जागच्या जागी होते. मधुमेहाला सतरा वर्षे झाली आहेत. पायांतल्या मुंग्या, रात्रीची जळजळ आणि कापसावरून चालल्यासारखे वाटणे यांची मला इतकी सवय झाली होती, की चप्पल पायातून निसटून मागेच राहिली हे चार पावले पुढे गेल्यावर दुसऱ्या कुणी सांगितले, तरी मी ते हसण्यावारी नेत असे. डोळे मिटताच तोल जातो याचा अर्थ इतके दिवस पायांचे काम डोळेच करत होते, असे माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी समजावले आणि चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ लिहिली: तोल आणि चाल यांसाठी फिजिओथेरपी. त्या ओळीपायी मी दोन केंद्रांत गेले. पहिले तिसऱ्या आठवड्यात सोडले आणि दुसऱ्यात बारा आठवड्यांचा कार्यक्रम पुरा केला. दोन्हींची नावे येथे देत नाही. पहिल्याविषयी माझी तक्रार मोठी आहे, दुसऱ्याविषयीही लहानसहान तक्रारी आहेत, आणि अशा सेवेत नेमके काय पाहावे हे कळले तर वाचणाऱ्याचे नावावाचून काही अडणार नाही.

पहिल्या केंद्रात मला कुणी चालायला लावलेच नाही. गेल्या गेल्या पलंगावर आडवे व्हायचे, पोटऱ्यांना पॅड चिकटवून वीस मिनिटे विजेचा सौम्य प्रवाह घ्यायचा, त्यानंतर तळपायांना इन्फ्रारेड प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्या बांधायच्या आणि शेवटी घोट्यांवर गरम पॅक ठेवायचा, असा तिथला शिरस्ता होता. ज्या पायांत एरवी काही जाणवत नाही त्यांत यंत्रामुळे काहीतरी जाणवू लागले की माणूस खूश होतो, तशी मीही झाले. तिसऱ्या आठवड्यात मदतनीस मुलाने पॅक ठेवून "गरम लागतंय ना?" असे विचारले, मी "फारसे नाही" म्हटल्यावर त्याने पॅकखालच्या टॉवेलची एक घडी काढून टाकली. रात्री मोजा काढला तेव्हा बाहेरच्या घोट्यावर नाण्याएवढा फोड आलेला दिसला. तो फुटून, चिघळून, पुरता भरायला पाच आठवडे लागले. दुसऱ्या दिवशी केंद्रात विचारणा केली, तर "भाजत होते तेव्हाच सांगायला हवे होते" हे उत्तर मिळाले. भाजलेले कळत असते तर मी तिथे गेले कशाला असते, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

ही चूक एका मदतनिसाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. "सोसेल तितके गरम" हे माप ज्या त्वचेला उष्णता कळते तिच्यासाठी आहे. बधिर पायावर ते वापरणे म्हणजे आंधळ्याला रंग विचारून भिंत रंगवण्यासारखे आहे. म्हणून आपल्या पायाची संवेदना एकदाही न तपासता कुणी त्यावर गरम पॅक, मेणाचा लेप किंवा गरम पाण्याचे टब सुचवत असेल, तर तिथून सरळ उठावे. विजेच्या सौम्य प्रवाहाने काहींच्या वेदना तात्पुरत्या कमी होतात हे खरे. तोल शिकवणे हे मात्र त्या यंत्राचे काम नव्हे. इन्फ्रारेड प्रकाशाने बधिरपणा जातो हा दावा तर प्रकाशच न सोडणारे दिखाऊ यंत्र शेजारी ठेवून तपासला गेलेला आहे, आणि २००५ व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा चाचण्यांत खरे यंत्र दिखाऊ यंत्राहून सरस ठरले नाही.

दुसऱ्या केंद्राबद्दल माझे मत पहिल्याच भेटीत चांगले झाले, कारण त्यांनी मला परत पाठवले. घोट्यावरची जखम पूर्ण भरल्याशिवाय उभ्याने कोणताही व्यायाम सुरू करणार नाही, असे तिथल्या फिजिओथेरपिस्टनी सांगितले आणि तोवर खुर्चीत बसून करण्यासारख्या दोन-तीन हालचाली लिहून दिल्या. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या असतील. मला त्या काकू म्हणत आणि मी त्यांना डॉक्टर म्हणत असे.

खरी सुरुवात झाली त्या दिवशी सव्वा तास निव्वळ तपासणीत गेला, आणि संपूर्ण बारा आठवड्यांत मोलाचा वेळ कोणता असे विचारले तर मी त्या सव्वा तासाकडे बोट दाखवीन. आधी दोन्ही पाय उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांपासून टाचेच्या भेगांपर्यंत पाहिले. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड तंतू तळपायावर दहा-दहा ठिकाणी टेकवला. हा तंतू बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाला खडा टोचलेला किंवा बूट चावलेला कळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. उजव्या पायाला दहांपैकी तीन जागी कळले, डाव्याला चार. ठोकल्यावर थरथरणारा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला तेव्हा "थरथर थांबली की सांगा" असे त्या म्हणाल्या. ती सुरू झाल्याचेच मला कळले नव्हते. त्यानंतर अंगठा दोन्ही बाजूंनी धरून वर-खाली करत तो कुठे आहे ते विचारले. मी पाचपैकी तीन वेळा चुकले आणि प्रत्येक वेळी पूर्ण खात्रीने चुकले. पायाच्या बातमीवर माझा किती अंधविश्वास होता ते मला त्या क्षणी उमगले.

पुढे झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर मधुमेहाने रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसाही धरल्या असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर व्यायामाची मांडणीच बदलावी लागते. माझा वरचा आकडा बाराने उतरला; तेवढ्यावर भागले. मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे हे विचारून त्यांनी बी-१२ची तपासणी करून घ्यायला सांगितले, कारण हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्या कमतरतेनेही नसा बिघडतात. चष्मा, झोपेच्या गोळ्या, घरातला रात्रीचा उजेड, मागच्या वर्षभरात किती वेळा पडलात आणि पडता पडता किती वेळा वाचलात, हे सारे विचारून झाले. शेवटी पाय जुळवून उभे केले, स्वतः मागे हात पसरून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटायला लावले. चार सेकंदांत मी त्यांच्या हातांवर होते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रोमबर्ग यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. बेसिनपाशी तोंड धुताना तोल जाणे हा तिचाच घरगुती अवतार आहे हे ऐकल्यावर कपाळावरच्या खुणेचा मला वेगळाच आदर वाटू लागला.

तोल जाण्याचे कारण त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून बातमी घेतो: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय-घोट्यांतली जाणीव. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस जवळजवळ एक मीटर लांब असते. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर सरकतो. एक बातमीदार असा गप्प झाला की उरलेल्या दोघांवर भार पडतो. दिवसा, सपाट जमिनीवर, समोर पाहत चालताना काही कळत नाही. अंधारात, ओबडधोबड वाटेवर किंवा मान वळवून बोलताना मात्र उघडे पडायला होते. मेलेली नस व्यायामाने जिवंत होईल असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. "जी जाणीव शिल्लक आहे ती वापरायला शिकवायची, घोटे आणि कंबर बळकट करायची, आणि तोल गेलाच तर पाऊल वेळेवर टाकता आले पाहिजे, आपले काम एवढेच," असे त्या म्हणाल्या. एवढ्या प्रामाणिकपणासाठीच मी त्यांना निम्मे गुण देईन.

मोजमापांचा तपशील देते, कारण ती घेतल्याशिवाय सुरू होणाऱ्या आणि न घेता संपणाऱ्या उपचाराला सुधारणा झाली असे म्हणण्याचा अधिकार नसतो. बर्गची तोलपरीक्षा चौदा कामांची असते: खुर्चीतून उठणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, स्वतःभोवती वळणे, स्टुलावर आळीपाळीने पाय टेकवणे, एका पायावर उभे राहणे वगैरे, प्रत्येकाला चार गुण, एकूण छप्पन्न. पंचेचाळीसच्या खालचे गुण पडण्याच्या धोक्याची खूण समजले जातात. मला एकेचाळीस मिळाले. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला मला १५.४ सेकंद लागले. बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले की सावध व्हावे असा संकेत आहे. हात पुढे ताणून पाय न हलवता सतरा सेंटिमीटरपर्यंतच पोचता आले, आणि उजव्या पायावर दोन सेकंद, डाव्यावर जेमतेम दीड सेकंद उभे राहता आले.

आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक तास. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये पाय जुळवून उभे राहण्यापासून प्रारंभ झाला: आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग निव्वळ एका बोटाचे टोक दांडीला टेकवून. हे बोट टेकवणे मला पोरखेळ वाटले होते, कारण त्या बोटावर अंगाचा भार येतच नाही. तरीही बोट टेकले की डोलणे कमी व्हायचे आणि बोट उचलले की पुन्हा वाढायचे, हे समोरच्या आरशात स्पष्ट दिसत असे. हाताची नस पायाच्या नसेहून आखूड, म्हणून ती अजून धडधाकट आहे. शरीर कुठे कलते आहे ही बातमी पायाऐवजी बोटाने मेंदूला द्यायची, अशी ती व्यवस्था. काठीचा खरा उपयोगही भार पेलण्याइतकाच जमिनीची बातमी हातापर्यंत आणण्याचा आहे, हे मला इथे पटले, आणि काठीबद्दलचा माझा जुना संकोच गेला.

माझ्या चालीतला दोष त्यांनी पाठ फिरवून शोधला. मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि नुसते ऐकत राहिल्या. टाच टेकल्यानंतर चवडा हळूहळू खाली यायला हवा. माझ्या उजव्या पायाचा चवडा फट्‌ आवाज करत आपटत होता. नडगीच्या पुढचा, पाऊल वर उचलून धरणारा स्नायू कमजोर झाल्याचे ते लक्षण आहे, आणि असा चवडा वेळेवर उचलला जात नाही म्हणूनच उंबऱ्याला आणि गालिच्याच्या कडेला पाय अडखळतो. त्यासाठी बसून आणि मग उभ्याने चवडे उचलणे, घोट्याला रबराची पट्टी लावून पाऊल ओढणे असे व्यायाम दिले. सहाव्या आठवड्यानंतर त्यांना माझ्या पावलांचा आवाज येईनासा झाला, आणि मला झालेला आनंद शाळकरी होता हे कबूल करायला हरकत नाही.

पोटरी ताणणे, टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, कंबरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी आडवी पावले टाकणे, एवढा पाया झाल्यावर चौथ्या आठवड्यात फोमची जाड गादी आली. तिच्यावर उभे राहिले की तळपायाची उरलीसुरली बातमीही बंद पडते, आणि वर डोळे मिटले की सगळी मदार कानावर. पहिल्या दिवशी मी तीन सेकंद टिकले. कमरेला पकडायचा पट्टा बांधलेला असे आणि त्यांचा हात त्यावर सतत असे. हा पट्टा आणि हा हात ज्या केंद्रात नाही तिथे फोमवर चढू नये. त्यानंतर खांद्याला हलका धक्का देण्याचा व्यायाम सुरू झाला, प्रथम सांगून आणि नंतर न सांगता. तोल गेल्यावर घोट्यावरच सावरायचे, कंबरेतून वाकून सावरायचे की सरळ एक पाऊल टाकायचे, हे शरीराने विचार न करता ठरवायचे असते. माझे शरीर आधी काहीच ठरवत नसे, फक्त घाबरून ताठ होई. आठव्या आठवड्यात पाऊल आपोआप पडू लागले.

चालता चालता शंभरातून सात-सात वजा करण्याचा प्रकार मला सर्वांत त्रासाचा वाटला. त्र्याण्णव म्हणताना मी चालत होते. शहाऐंशीवर पाय थांबले. चालताना कुणाशी बोलायची वेळ आली की जी वृद्ध माणसे थांबतात ती पुढे पडण्याची शक्यता अधिक असते, असे निरीक्षण १९९७ साली प्रसिद्ध झालेले आहे, कारण ज्याला चालण्यासाठीच सगळे लक्ष द्यावे लागते त्याच्यापाशी दुसऱ्या कामासाठी काही उरत नाही. हाच सराव मग पाण्याचा पेला हातात घेऊन, मान डावी-उजवीकडे वळवत, ठोकळे ओलांडत, आठच्या आकड्यात वळत करून घेतला. "पायांकडे बघू नका, समोर बघा" हे वाक्य मी त्या काळात किती वेळा ऐकले याची गणना नाही. नवव्या आठवड्यात जमिनीवर मुद्दाम बसवून एकटीने उठायला शिकवले: कुशीवर वळायचे, हाता-गुडघ्यांवर यायचे, खुर्चीपर्यंत रांगत जायचे, एक पाऊल पुढे रोवायचे आणि खुर्चीला रेटून उठायचे. पडण्याची भीती माझ्या बाबतीत निम्मी तरी पडल्यावर उठता येईल की नाही याची होती, हे मला या व्यायामानंतर कळले.

जिन्यावर त्यांनी एक गोष्ट पकडली, जी मी एकटीने जन्मात शोधली नसती. माझा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. उतरताना खाली पाहिले की वाचनाच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. बाहेर चालण्यासाठी लांबचाच वेगळा चष्मा करून घेण्याची त्यांची सूचना मी मानली आणि जिना उतरण्यातली निम्मी धास्ती तिथेच संपली.

सुरक्षिततेच्या बाबतीत हे केंद्र शिस्तीचे आहे. प्रत्येक वेळी व्यायामापूर्वी साखर मोजली जाई, कारण माझ्या गोळ्यांपैकी एक साखर एकदम खाली नेणारी आहे. एकदा ती ८४ निघाली तेव्हा पंधरा ग्रॅम ग्लुकोज देऊन, पंधरा मिनिटे बसवून, पुन्हा मोजूनच पुढे जाऊ दिले. व्यायामाआधी आणि नंतर मोजे काढून पाय पाहिले जात. लाली, फोड किंवा एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागते का, हे तपासले जाई. दोन पायांच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक राहिला तर आत काही बिघडते आहे असे समजून चालणे कमी करतात, आणि पाय अचानक गरम, लाल, सुजलेला झाला तर दुखत नसले तरी व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, हे त्यांनी तीनदा बजावले. अनवाणी कुणालाही उभे राहू देत नसत, फोमवरसुद्धा बूट. श्रमाचा अंदाज नाडीवरून न घेता सहा ते वीस आकड्यांच्या बोर्गच्या मापावर मलाच सांगायला लावत, कारण मधुमेहाने हृदयाच्या नसा धरल्या असतील तर नाडी खरे सांगत नाही.

अशा पायांनी उभ्याने व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न माझ्या ओळखीतल्या एक-दोघांनी शंकेने विचारला. पूर्वी बधिर पायांच्या रुग्णांना सायकल, पोहणे यांसारखा पायांवर भार न टाकणारा व्यायामच सांगत असत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भार टाकणाऱ्या व्यायामाने पायांच्या जखमा वाढल्या नाहीत असे दिसले, आणि २०१० साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशन व अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन यांच्या संयुक्त निवेदनात उघडी जखम नसलेल्यांना मध्यम श्रमाचा असा व्यायाम करण्यास मोकळीक दिली गेली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा बारा आठवडे चाल व तोलाचे प्रशिक्षण दिल्यावर चालण्याचा वेग आणि तोल सुधारला. त्रास म्हणावा तर दोघांच्या टाचेमागची शीर दुखू लागली. माझीही सहाव्या आठवड्यात दुखली. टाचा उचलण्याचे आकडे निम्म्यावर आणल्यावर दहा दिवसांत थांबली.

आता तक्रारी. तोल शिकवणाऱ्या केंद्राच्या दारात कठडा नसलेल्या तीन पायऱ्या असाव्यात, आणि आतली फरशी व उतरण एकाच रंगाची असावी, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. पाचव्या आठवड्यापासून एकटीचे सत्र बंद होऊन चौघांचा गट झाला. गटात गंमत असते, एकमेकांचे पाहून हुरूपही येतो. परंतु चार डळमळीत माणसे आणि एक थेरपिस्ट हे प्रमाण बरोबर नाही. मदतीला दिलेला विद्यार्थी एकदा माझा पट्टा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून उभा होता. मी बोलल्यावर फोन खिशात गेला, पण असे बोलण्याची वेळ यायला नको होती. दांड्या मोकळ्या नसल्या की दहा मिनिटे ट्रेडमिलवर घालवायला लावत. तिथे दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून चालण्याने तोलाला काय मिळते ते मला कळले नाही, आणि विचारल्यावर समाधानकारक उत्तरही मिळाले नाही.

घरी करायच्या व्यायामांचा कागद ही तर थट्टाच होती. बारीक अक्षर, फिकट छपाई आणि चित्रांत एका पायावर सहज उभा असलेला विशीतला तरुण. मधुमेहाने डोळ्यांवर परिणाम झालेल्या माणसांना हा कागद देणाऱ्याने तो एकदा स्वतः चष्मा काढून वाचून पाहावा. शेवटी मी तो मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढला, प्रत्येक व्यायामापुढे "कशाला धरून" हा रकाना वाढवला आणि थेरपिस्टना दाखवला. त्यांनी त्याच्या प्रती काढून घेतल्या. बारा आठवडे संपल्यावर मात्र सगळे एकाएकी थांबले. सराव सुटला की कमावलेले हळूहळू ओसरते हे त्यांनीच सांगितले होते, आणि पुढच्या तपासणीची तारीख मात्र मला मागून घ्यावी लागली.

अखेरच्या मोजणीत बर्गचे गुण एकेचाळीसवरून पन्नासवर गेले. खुर्चीपासून तीन मीटर जाऊन यायला ११.९ सेकंद लागले, म्हणजे बाराच्या रेषेच्या आत अगदी काठावर. हात सतरावरून चोवीस सेंटिमीटरपर्यंत पोचतो. उजव्या पायावर सहा सेकंद उभी राहते, डाव्यावर चार. तंतूची परीक्षा मात्र जशीच्या तशी आली: उजव्या पायाला दहांत तीन, डाव्याला दहांत चार. रात्रीची जळजळही तितकीच आहे. ती डॉक्टरांच्या गोळीने जेवढी आवरते तेवढीच. या मुदतीत मी पडले नाही, परंतु बारा आठवडे न पडणे याला मी पुरावा मानत नाही, कारण त्याआधीच्या बारा आठवड्यांतही एकदाच पडले होते. रोजच्या वागण्यात जो फरक पडला तो मला या आकड्यांहून खरा वाटतो: रात्री उठल्यावर दिवा लावेपर्यंत मी पलंगाच्या कडेला बोट टेकवून थांबते, वळताना जागच्या जागी गर्रकन न फिरता चार लहान पावले टाकते, आणि तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर असतो.

ज्यांच्या पायाला उघडी जखम आहे, पाय गरम आणि सुजलेला आहे, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी आधी डॉक्टरांकडून ते निस्तरावे. ही सेवा त्यानंतरची आहे. ज्यांना फक्त जळजळीसाठी काही हवे आहे त्यांची इथे निराशा होईल. बाकीच्यांनी केंद्र निवडताना यंत्रांची खोली बघू नये. पहिल्या दिवशी बूट-मोजे काढायला लावतात का, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी तेच माप घेतात का, एवढे विचारावे. पाचपैकी मी साडेतीन तारे देते. चौघांऐवजी दोघांचा गट आणि दारात एक कठडा एवढे झाले तर चार देईन. माझी पुढची मोजणी तीन महिन्यांनी आहे, आणि डावा पाय चार सेकंदांवर टिकून आहे की घसरला, ते तेव्हा येथेच लिहीन.